पाणबुड्याचं कोपर

"अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल मिळेल का, ताई?"

मी मान वर केली. दारात एक उंच मुलगा उभा होता. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा. शुक्रवारची दुपार होती, दिवाळी होऊन आठवडा झाला होता, आणि माझ्यासमोर टेबलावर अकरा माणसांचे दात वाळत होते.

"हे हार्डवेअरचं दुकान नाही," मी म्हटलं. "आणि मी तुमची ताई नाही."

"सॉरी." तो खरंच ओशाळला. "हार्डवेअरवाल्यानेच पाठवलं हो. म्हणाला, एवढं बारीक ड्रिल दातवाल्यांकडेच असतं."

"इथे पेशंट बघत नाहीत. ही लॅब आहे."

"पण मी पेशंट आणलाय..." असं म्हणत त्याने डबा उघडला.

आत कापूस होता. कापसात एक वीतभर उंचीची अंतराळवीर बाई झोपली होती. पांढरा पोशाख, पाठीवर नळकांडी, आणि डावा पाय गुडघ्यातून वेगळा. तो पाय तिच्या शेजारी इतक्या जपून ठेवला होता की मला हसू आवरेना. हसताना सवयीने तोंडावर हात गेला.

"ह्या बाईंचा गुडघा," तो गंभीरपणे म्हणाला. "खुंटी तुटून आतच अडकलीये. ती कोरून काढायची, नवी बसवायची. माझ्याकडचं सगळ्यात बारीक ड्रिल घातलं तर गुडघाच फुटेल."

त्याचं नाव कल्पेश भोईर. वालीवला एका कारखान्यात तो प्लास्टिकच्या बाटल्यांच्या झाकणांचे साचे दुरुस्त करायचा. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या ॲक्शन फिगर दुरुस्त करायचा छंद. हे सगळं त्याने मी न विचारता सांगितलं, आणि मीही ऐकून घेतलं. मेघनाताई, म्हणजे आमच्या लॅबच्या मालकीण, बाहेर गेल्या होत्या. जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटं होती.

"द्या इकडे," मी म्हटलं.

मी दात कोरायचं सगळ्यात बारीक टोक, म्हणजे बर, काढला, हँडपीसला लावला, भिंगाखाली गुडघा धरला. दात कोरणं मला नवं नव्हतं, पण हे प्लास्टिक मऊ होतं. जरा वेग वाढला की वितळेल. हळूहळू कोरलं... टेकवलं, उचललं, टेकवलं, उचललं. खोबणीतून तुटक्या खुंटीचा भुगा बाहेर आला. मग दातांवरच्या क्लिपांसाठी वापरतो ती स्टीलची तार घेतली, चार मिलिमीटरचा तुकडा कापला आणि दोन्ही बाजूंना रुतवला.

"आता वाकवा," मी म्हटलं.

त्याने वाकवला. गुडघा वाकला. सरळ केला, तर सरळ झाला. त्याने बाईंना टेबलावर उभं केलं, माझ्या अकरा माणसांच्या दातांच्या मधोमध — आणि ती उभी राहिली.

आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला. म्हणजे इतका वेळ तोही श्वास रोखून उभा होता.

"थँक यू," तो म्हणाला. "नाव काय म्हणालात?"

"म्हणाले नाही."

"मग म्हणा ना."

"ओवी," मी म्हटलं, आणि कारण नसताना दातांचे रंग जुळवायचं शेड गाइड पुसायला घेतलं. "ओवी राऊत. निर्मळ गावची."

चार दिवसांनी मेघनाताईंच्या फोनवर एक आवाज आला. म्हणजे व्हॉइस नोट. लॅबचा नंबर बोर्डावरून घेऊन कल्पेशने ती पाठवली होती. "ओवीताई, नमस्कार. मी विरारहून श्रीरंग बोलतोय. बँकेतून रिटायर झालोय. माझी अंतराळवीर पाच वर्षं भिंतीला टेकून उभी होती हो! आज स्वतःच्या पायांवर उभी राहिली. तुमचे हात फार गुणी आहेत. मनापासून आभार."

मेघनाताईंनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "काय गं, हे कुठले पेशंट?"

लॅबमध्ये मला चार वर्षं झाली होती. डॉक्टर लोक वसई-नालासोपाऱ्याहून पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, सोबत एक चिठ्ठी: दात कुठला, रंग कुठला, कधी हवा. आम्ही बनवतो, माणूस येऊन घेऊन जातो. ज्याच्या तोंडात तो दात बसतो त्याने मला कधी पाहिलेलं नसतं, मीही त्याला नाही. त्याचे आभार पोचलेच तर डॉक्टरपर्यंत पोचतात. मला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं. पण त्या दुपारी ती नोट मी तीनदा ऐकली, आणि तिसऱ्यांदा ऐकताना डोळे भरून आले. वाईट वाटायचं राहून गेलं होतं, एवढंच.

पुढच्या शुक्रवारी कल्पेश आला तेव्हा डब्यात तीन पेशंट होते. मेघनाताई कडक आहेत, पण दुष्ट नाहीत. म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत काय करायचं ते करा. माझा एक जरी बर मोडलात ना, तर दोघांचे दात माझ्या खर्चाने बसवीन."

अशी आमची शुक्रवारची सुट्टी सुरू झाली.

मला तारा, कोरणं, भरणं यायचं. बाकीचं त्याने शिकवलं. आखडलेला सांधा जोर लावून फिरवायचा नाही. कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवायचा, आपोआप सैल होतो. सैल झालेल्या सांध्याला आतून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक पातळ थर द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा. मग तो हात वर केला की वर राहतो.

"दोन थर का नाही द्यायचे?" मी विचारलं. "अजून घट्ट होईल."

"मग हलणारच नाही." त्याने एका कुस्तीगिराचा हात उचलून सोडला, हात उचललेला तसाच राहिला. "हलवला तर हलला पाहिजे, आणि ठेवला तिथे थांबला पाहिजे. तेवढाच घट्ट बरा."

"हे तुम्ही सांध्याबद्दल बोलताय ना?"

"सध्या तरी... हो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

कल्पेशचं घर नायगावच्या खाडीकाठी. लॅबमध्ये तो जपून, मुंबईसारखं बोलायचा. पण गडबडला की घरचं बोलणं बाहेर यायचं. पाण्याचं पानी व्हायचं, कोणाचं कोन. मला ते इतकं आवडायचं की मी मुद्दाम त्याला गडबडवायचे.

तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारी मी सुकेळी घेऊन गेले होते. आमच्या वाडीतली राजेळी केळी, बाबांनी स्वतः उन्हात वाळवलेली. एक तुकडा तोंडात टाकून तो म्हणाला, "एक विचारू? राग नाही ना येणार?"

"कशाबद्दल आहे त्यावर आहे."

"तुम्ही हसताना तोंडावर हात का धरता?"

माझा हात पुन्हा तोंडाशी गेला.

"समोरचा डावा..." तो हळूच म्हणाला. "तो तुमचा नाही ना?"

घरच्यांशिवाय हे कोणालाच माहीत नव्हतं. कॉलेजला असताना सायकलवरून पडून माझा पुढचा दात तुटला होता. आधी कुठल्यातरी लॅबचा, खडूसारखा पांढरा दात बसवला होता. पुढे मी हे काम शिकले आणि पहिला चांगला दात बनवला तो माझाच. तरी हात तोंडावर जायची सवय राहिली ती राहिलीच.

"तुम्हाला कसं कळलं?" माझा आवाज जरा कोरडा आला.

"साच्याचं काम करतो ना मी. दिवसभर तेच बघतो... कुठला नग कुठल्या साच्यातला." मग घाईघाईने म्हणाला, "वाईट दिसतो म्हनून नाय हो! उलट आहे. बाकीच्यांपेक्षा तोच जास्त देखना आहे. कोनी बनवला?"

"मी."

तो बघतच राहिला. "मग त्याला झाकता कशाला? मी असा दात बनवला असता तर येनाऱ्या-जानाऱ्याला हसून दाखवत सुटलो असतो."

मी हसले. हात टेबलावरच ठेवून हसले. जमलं.

दुरुस्त झालेल्या प्रत्येक फिगरसोबत तो एक छोटं कार्ड द्यायचा. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असायचं: सांधा — ओवी राऊत. खाली, जरा बारीक अक्षरात: जुळणी — कल्पेश भोईर. पहिलं कार्ड बघितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "माझं नाव कशाला वर?" तर म्हणाला, "काम ज्याचं, नाव त्याचं. आमच्या कारखान्यात हे कोणी करत नाही, म्हणून मी करतो."

आणि लोक कार्ड वाचायचे. खरंच वाचायचे! दर आठवड्याला एखादी नोट यायची, एखादा फोटो. शेल्फवर उभी राहिलेली सैनिकांची रांग, हात उंचावलेला कुस्तीगीर... आणि खाली, थँक यू ओवी.

नोव्हेंबर संपत आला आणि कल्पेश डब्याऐवजी मिठाईचा खोका घेऊन आला. आत सात जण होते.

"गासच्या डेल्फिन टीचरचे," तो म्हणाला. "आम्हाला शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या ॲनिशाचे आहेत हे. ॲनिशाचे पप्पा बोटीवर होते. दर वेळी घरी येताना पोरीसाठी एक आणायचे. मुली बाहुल्या मागतात, ही हे मागायची."

"आणि पप्पा?"

"गेले. आठ वर्षं झाली. ॲनिशा न्यूझीलंडला असते, सहा वर्षांनी नाताळला येतेय. टीचरना हे सातही तिच्या खोलीत उभे करून ठेवायचेत. तिला माहीत नाही."

मी एकेकाला उचलून पाहिलं. जुन्या पद्धतीची बांधणी. छाती आणि पाय आतल्या एका रबरी कडीने जोडलेले, आणि ती कडी इतक्या वर्षांत विरून गेलेली. उचललं की कमरेखालचं अंग लोंबायचं. मी आमच्याकडची, दातांच्या तारांना लावायची रबरं सुचवली. कल्पेशने मान हलवली. "ती दोन वर्षांत तुटतील. ह्यांना अजून वीस वर्षं उभं राहायचंय." त्याने वालीवमध्ये पंपांचे भाग विकणाऱ्याकडून सिलिकॉनच्या कड्या शोधून आणल्या. पाठीचा स्क्रू काढून कडी घालायची, आकड्याला अडकवायची, पुन्हा बंद करायचं. दोन शुक्रवारांत सहा जण उभे राहिले.

सातवा पाणबुड्या होता. पिवळा पोशाख, पायांत पंखे. ॲनिशाचा सगळ्यात लाडका. त्याचं कोपर तुटलं होतं.

"हा पुढच्या शुक्रवारी करू," कल्पेश म्हणाला आणि तो माझ्या कपाटात ठेवून गेला.

मी थांबले नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, करून टाकू, उद्या त्याला नुसतं दाखवू. त्याचे डोळे कसे मोठे होतील, ते मी आधीच बघत होते... कोपर छान झालं. खुंटी बसली, हात वाकला. पण चिकटवताना एक थेंब उडून पाणबुड्याच्या हनुवटीवर पडला होता. तो पुसायला मी सवयीने हात लांब केला, आणि कवळ्यांसाठी वापरतो त्या लिक्विडमध्ये कापूस बुडवला. दातांच्या साहित्यावर ते रोज चालतं. त्या जुन्या प्लास्टिकवर नाही चालत. एकदा पुसलं, आणि कापसावर रंग आला. घाबरून पुन्हा पुसलं. डोळे गेले. गालाचं प्लास्टिक साय धरल्यासारखं सुरकुतलं.

मी तो हातात धरून बसले. मेघनाताई काहीतरी विचारत होत्या, मला ऐकूच येत नव्हतं.

शुक्रवारी कल्पेशने पाणबुड्याला उजेडात धरलं. खूप वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. ओरडला असता तरी चाललं असतं.

"कोपर मस्त बसलंय," तो म्हणाला.

"कल्पेश..."

"मी सांगतो टीचरना. तुम्ही काळजी करू नका."

आणि मी — आज लिहितानाही लाज वाटते — मी मान डोलावली. मीच सांगते, असं म्हणायचं धाडस झालं नाही. तो खोका घेऊन गेला, आणि मी जिन्यावरचे त्याचे पाय ऐकत राहिले.

आठवडाभर मला झोप गोड लागली नाही. पुढच्या शुक्रवारी तो आला, नेहमीसारखा हसला. टीचरसाठी लिहिलेली सात कार्डं बॅगेत होती. मी सहज बघायला घेतली. सहांवर माझं नाव होतं. सातव्यावर फक्त त्याचं.

"हे काय?"

"असंच."

"टीचरना काय सांगितलंत तुम्ही?"

तो हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिला. "सांगितलं, माझ्या हातून झालं."

मला राग आला, आणि रागाच्या खाली असं काहीतरी, ज्याने मला रडूच आलं असतं. "सहा थँक यू माझे, आणि सातवी चूक तुमची? असं कुठे असतं?"

"तसं नाय, ओवी..." तो पहिल्यांदाच नुसतं ओवी म्हणाला. "चार वर्षं तुमाला कोनी काय बोललं नव्हतं. आता कुठे लोकं आभार मानायला लागलेत. तुमचा हात आता थरथरायला नको. एवढंच वाटलं मला."

"काम ज्याचं, नाव त्याचं, असं म्हणाला होतात ना? मग बिघडलेलं कामही माझंच आहे. पेन द्या इकडे."

मी त्याच्या हातातून पेन घेतलं, त्याचं नाव खोडलं, आणि माझं लिहिलं.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. निर्मळहून गास काही लांब नाही. भाजीची शेतं सुरू झाली की आलंच. पण त्या दिवशी मी दोनदा थांबले, दोनदा परत फिरावंसं वाटलं. टीचर घरासमोर खुर्चीवर चढून ओटीच्या वाशाला नाताळचा कागदी तारा बांधत होत्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, पदर खोचलेला.

"पकड गो बाय जरा खुर्ची," मी कोण हे न विचारताच त्या म्हणाल्या.

मी खुर्ची धरली. त्या वर असतानाच सगळं सांगून टाकलं. नाव, लॅब, लिक्विड, कापूस. "कल्पेशने काही केलं नाही, टीचर. मी केलं. आणि तो स्वतःवर घेतोय हे आधी कळलं असतं तरी... मी घाबरलेच असते. माफ करा."

टीचर खाली उतरल्या. पदराने हात पुसले.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पस्तीस वर्षं पोरं शिकवलीत मी. गृहपाठ विसरला की हा कल्पेश कसा बोलायचा, ठाऊक आहे? एकदम पुस्तकासारखा. मागच्या आठवड्यात आला आणि म्हणतो, 'टीचर, माझ्या हातून अनवधानाने नुकसान झालं.' अनवधानाने! खाडीवरचा पोर! मी तेव्हाच ओळखलं, हा कोणाला तरी पाठीशी घालतोय." त्या हसल्या. "तू येशील की नाही, तेवढंच बघत होते. आलीस. देव तुझं बरं करो."

मग त्यांनी मला आत नेलं, ॲनिशाच्या खोलीत. शेल्फवर सहा जण ताठ उभे होते. सातवा टेबलावर, रुमालावर.

"ह्याचा चेहरा काही पहिल्यांदाच गेलेला नाही," टीचर म्हणाल्या. "ॲनिशा ह्याला विहिरीच्या टाकीत पोहायला सोडायची. एका उन्हाळ्यात सगळा रंग उडाला. पोर रडून रडून हैराण. तेव्हा मी रंगवला होता, शाळेच्या रंगपेटीतून. नवरा बोटीवरून आला, बघून म्हणाला, 'हा तर तुझ्यासारखा दिसायला लागला, डेल्फिन.'" त्यांनी पाणबुड्याखालचा रुमाल नीट केला. "आता माझा हात कापतो. तू रंगव. दातांना रंग लावतेस ना तू? कल्पेश सांगत होता, तुझ्यासारखा रंग जुळवणारा हात वसईत नाही. अर्धा तास तेच सांगत होता. मी त्याला म्हटलं, अरे, पाणबुड्याबद्दल पण बोल काही!"

माझी कानशिलं गरम झाली.

दुसऱ्या दिवशी मी माझे बारीक ब्रश घेऊन परत गेले. सुरकुतलेला गाल घासून सपाट केला, चार थरांत रंग चढवला. टीचर शेजारी बसून जुना फोटो दाखवत होत्या, आणि डोळ्यांपाशी आले तेव्हा म्हणाल्या, "जरा मिश्कील कर गो. माझे होते तसे." मी केले. पूर्ण झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले. लॅबमध्ये आलेल्या सगळ्या व्हॉइस नोट्स मी जपून ठेवल्यात, पण त्या एका क्षणाची नोट नाही. तो तसाच आठवतो.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी टीचरने आम्हा दोघांना चहाला बोलावलं. ॲनिशा दारातच उभी होती, मोठ्या आवाजाची, पांढऱ्या केसांची एक बट मिरवणारी. तिने पाणबुड्याला हातात घेतलं, कोपर वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. मग आमच्याकडे पाठ करून खिडकीत गेली. वळली तेव्हा डोळे पुसलेले होते. "पप्पांनी मला ह्याच्यासाठी एअरपोर्टवर दोन तास थांबवलं होतं," ती म्हणाली. "सामानात मिळेना म्हणून. थँक यू. दोघांना थँक यू." आणि मग आम्हाला एवढा केक खाऊ घातला की कल्पेशला पट्टा सैल करावा लागला.

निघालो तेव्हा उन्हं कलली होती. त्याने बाईक टीचरच्या अंगणातच ठेवली, म्हणाला, फाट्यापर्यंत चालत येतो. मी स्कूटर सुरू केलीच नाही. हाताने ढकलत निघाले. दोन्ही बाजूंना वालाची, मुळ्याची शेतं. पाण्याचे पाट भरलेले. समुद्राकडून गार वारा.

"द्या, मी ढकलतो," तो म्हणाला.

"नको. तुम्ही काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"गेले दोन आठवडे तुम्ही काहीतरी बोलता बोलता थांबताय. ते."

त्याने वाटेतला एक खडा पायाने पाटात ढकलला. "भीती वाटते," शेवटी म्हणाला. "मी काही विचारलं, आणि तुम्ही नुसतं उपकार फेडायचे म्हणून हो म्हटलंत... तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

मी स्कूटर स्टँडवर लावली. रस्त्याच्या मधोमध. मागून एक भाजीचा टेम्पो आला, हॉर्न वाजवून आमच्या कडेने गेला, तरी मी हलले नाही.

"ऐका. मी दोन्ही वेगवेगळं सांगते, म्हणजे गोंधळ नको. पहिलं: थँक यू. माझं नाव लिहिल्याबद्दल. मला माझे हात दाखवल्याबद्दल. चुकल्यावर एक शब्द न बोलल्याबद्दल, जरी ते खोटं बोलणं मला आवडलं नाही तरी. ते झालं. फिटलं नाही, पण सांगून झालं."

"आणि दुसरं?" त्याचा आवाज जेमतेम आला.

"दुसऱ्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. तू लॅबमध्ये यायच्या आधी मला शुक्रवार म्हणजे फक्त गुरुवारनंतरचा दिवस वाटायचा. आता सोमवारपासून मी तो मोजते. तू कोणाचा काही सांधा जोडला नाहीस, उद्यापासून नुसताच आलास, रिकाम्या हाताने... तरी मोजेन."

तू म्हटलेलं माझं मलाच नंतर कळलं. त्याला आधी कळलं असावं, कारण तो हसायला लागला होता. पूर्ण चेहऱ्याने, कानांपर्यंत लाल होत.

"मी पन," तो म्हणाला. "म्हनजे मी तर रविवारपासूनच मोजतो."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीस?"

"तू बोललीस ना आता. बरं बोलतेस. मला असं नसतं जमलं." मग त्याने माझ्या हातावर हात ठेवला, स्कूटरच्या मुठीवर, आणि तो तिथेच राहू दिला. त्याच्या बोटांवर साच्याच्या तेलाचा न जाणारा काळा डाग होता, माझ्या नखांत पिवळा रंग होता. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

फाट्यापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता. आम्हाला तास लागला.

घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत बसून केळीची पानं बांधत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्कूटर बंद पडली काय गं?"

"नाही बाबा." मी त्यांच्या शेजारी बसले, एक जुडी हातात घेतली, दोरी गुंडाळायला लागले. "रविवारी एक जण येणार आहे. कल्पेश नाव. नायगावचा. त्याला वाडी दाखवाल?"

बाबांनी दोरीची गाठ मारली, दातांनी टोक तोडलं. चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं, माझं हसू, जे मी आज लपवलं नव्हतं. मग दुसरी जुडी ओढली.

"जेवायला थांबणार आहे का?"

"हो," मी म्हटलं. "थांबणार आहे."